चारी बाजूंनी एक इंच

कुंडलिक : बसलं! जयवंता, इंजिन बसलं! सांग तुझ्या व्हॅनच्या अकरा पोरांना, सोमवारी दप्तरं भरून तयार राहा म्हणावं.

जयवंत : बसला? खरंच बसला? देवा म्हाराजा!

कुंडलिक : काय बसलं?

जयवंत : इंजिन. तूच म्हणालास आत्ता.

कुंडलिक : मी काही म्हणालो नाही.

जयवंत : अरे, अख्ख्या गल्लीने ऐकलं. त्या पानवाल्याने हातसुद्धा जोडले.

कुंडलिक : त्याला सांग सोडायला. आता ह्या पेटीचं झाकण लाव. लाव की. जोर लाव. बस वर. हां. लागलं?

जयवंत : नाय.

कुंडलिक : मग? मी काही म्हणालो होतो?

जयवंत : नाय म्हणालास.

कुंडलिक : शाब्बास. पानवाल्याला पण तेच सांग.

जयवंत : पण झाकण का लागत नाय?

कुंडलिक : तुझ्या गाडीत इंजिन कुठे बसतं? ड्रायव्हर नि बाजूचा, दोघांच्या मधे, पत्र्याच्या पेटीत. पेटी होती तेवढीच आहे. इंजिन वाढलंय. वर एक इंच, डावीकडे एक इंच, उजवीकडे एक इंच. मी वीस वर्षं ह्या अंधेरीत इंजिनं चढवतोय. लहान बघितली, मोठी बघितली. पण असं सगळीकडून सारखं सुजलेलं नाही बघितलं. आणि कमाल म्हणजे बोल्टाचं एकूण एक भोक जुळतं. गिअरबॉक्सचं, फाउंडेशनचं, सगळं. केसाचा फरक नाही. म्हणून तर मी म्हणालो, बसलं.

जयवंत : म्हणालास ना?

कुंडलिक : नाही. आता मला एक सांग. मी तुला काय काम दिलं होतं? जुन्या इंजिनावर नंबर ठोकलेला असतो. तो उतरवून घे, कुर्ल्याला काशीरामच्या भंगारात जा, त्याच जातीचं इंजिन आण. ह्यात न कळण्यासारखं काय होतं?

जयवंत : नंबर दिसतच नव्हता रे. त्याच्यावर बोटभर चिखल. तेल, धूळ नि खवले.

कुंडलिक : माशाचे?

जयवंत : मी घेण्याआधी ही गाडी माहुलहून सुके बोंबील न्यायची.

कुंडलिक : आधी कशाला म्हणतोस? सकाळी मी खाली झोपलो तर वरून एक शेपूट पडलं तोंडात. पडलं ते पडलं, वर खारट. अरे, घासलेट घ्यायचं, हात घालायचा, चिखल पुसायचा, नंबर वाचायचा!

जयवंत : मी नाय हात घालणार. माका किळस येते. बावीस वर्षं गिरणीत टायमकीपर होतो मी. पांढरा शर्ट. बोटाला शाई लागली तरी दोनदा साबण लावायचो.

कुंडलिक : टायमकीपर! मग नंबर कुठून आणलास?

जयवंत : नंबर नाय नेला. माप नेला.

कुंडलिक : इंजिनाचं माप? कुणी घेतलं?

(जयवंतची बायको मालन डबा घेऊन येते.)

मालन : मी घेतलं. का हो भावजी? घट्ट होतंय का?

कुंडलिक : घट्ट? वहिनी, तुम्ही ब्लाउज शिवता ना?

मालन : आमच्या चाळीतल्या निम्म्या बायका माझंच घालतात.

कुंडलिक : मग इंजिनाचं माप कसं घेतलं?

मालन : त्यात काय? पेपर चिकटवून चिकटवून मोठा केला, इंजिनाला लावला, कापला. पुढचा भाग, पाठ, दोन बाजू. वरून एक नळी बाहेर येत होती, तिला मी बाही धरली.

कुंडलिक : इंजिनाला बाही.

मालन : आखूड. आणि ती भोकं सुईने टोचून घेतली, जिथल्या तिथे. काजाच्या बाबतीत मी आजवर चुकले नाही.

कुंडलिक : म्हणून बोल्ट जुळले! बोंबला! पण मग बाकीचं का सुजलं?

मालन : सुजलं नाही. माया ठेवली.

कुंडलिक : काय ठेवली?

मालन : माया. शिलाईच्या आत जादा कापड ठेवतात ना, पुढेमागे उसवून मोठं करता यावं म्हणून? इंचभर. कात्री हातात घेतली की हात आपोआप तेवढा बाहेरून जातो.

कुंडलिक : वहिनी, हे इंजिन पुढेमागे उसवायचं होतं का?

मालन : ते मला काय ठाऊक? कुठलीच बाई शिवताना सांगत नाही की मी जाड होणार आहे.

कुंडलिक : आणि काशीरामने हा कागद बघून इंजिन दिलं? तो हसला नाही?

जयवंत : हसतोय कसला! दुपारभर तो कागद घेऊन भंगारात फिरला. एकेका इंजिनाला लावून बघायचा नि मालनला विचारायचा. एकाला म्हणाला, पुढून झकास बसतंय, पाठीत जरा ओढतंय.

मालन : ओढतच होतं. मी नको म्हटलं.

कुंडलिक : वाट लागली. मला उलटी होईल आता. बोंबलाने नाही झाली, ह्याने होईल. जयवंता, ती बॅटरी इकडे धर. जरा खाली. हा बोल्टाचा कान दिसतोय? ही नागमोडी वेल्डिंग?

जयवंत : शी. काय घाणेरडं काम केलंय मेल्यान.

कुंडलिक : मी केलंय. पाच वर्षांपूर्वी. हे इंजिन मी ओळखतो यार! तुझ्याच कंपनीची, पण मोठी व्हॅन. गोवंडीला आमच्या वस्तीतल्या मंडळाकडे होती.

जयवंत : मंडळाकडे? म्हणजे भजनाबिजनाला?

कुंडलिक : शववाहिनी.

जयवंत : शी! शी, शी, शी! मी मिठी मारून उतरवला त्याका टेम्पोतून!

मालन : ई! अहो, तो कागद! काशीरामने त्याला लावलेला कागद मी घरी नेला. गच्चीवर त्याच्यावर पापड वाळत घातलेत!

कुंडलिक : मला नकोत हां पापड. पण इंजिन एकदम खणखणीत आहे. दुसऱ्या गिअरच्या वर कधी गेलेलंच नाही. उभ्या जन्मात त्याला कुणी घाई केली नाही.

जयवंत : अरे, पार्ल्याची शाळा सातला भरते!

कुंडलिक : ते पण आहे. पण एवढी वर्षं चाललं, एका पॅसेंजरची तक्रार नाही.

जयवंत : परत दे. काशीरामला परत दे नि माझा जुना आण.

कुंडलिक : तुझं जुनं त्याने त्याच दिवशी फोडलं. त्याचे आता तवे झाले असतील. आज शनिवार. उद्या काशीराम बंद. परवा शाळा.

जयवंत : परवा नाय. उद्याच. वनमालाबाई उद्या संध्याकाळी येणार गाडी बघायला. अकरा पोरांच्या आयांनी तिलाच पुढे केलंय. म्हणाली, आधी वास बघीन, मग पेटीचं झाकण बघीन, मग गाडीच्या पुस्तकात नव्या इंजिनाची नोंद बघीन. एक जरी राहिलं तरी सोमवारपासून अकराच्या अकरा राजारामच्या नव्या पांढऱ्या व्हॅनमध्ये.

कुंडलिक : त्याच्या व्हॅनला वास येतो का?

जयवंत : प्लास्टिकचा येतो. नवीन प्लास्टिकचा. पोरं हुंगतात नि खूश होतात. गिरणी गेली, मग छत्र्या दुरुस्तीचं केलं, मग शेवया. आता ही व्हॅन. ही पण गेली तर मी काय ता करू? घरात बसून हिच्या ब्लाउजांना हुक लावू?

मालन : हुकांना हात लावायचा नाही. मागे लावलेत ते सगळे उलटे होते.

जयवंत : बघ! ह्याका म्हणतात बायको. स्वतः इंचभर जादा कापायचं नि मला हुकावरून बोलायचं. काय गरज होती गो त्या मायेची?

मालन : काय गरज होती? गिरणीच्या संपाला सहा वर्षं झाली. त्या वर्षी चाळीत एकीने नवीन कापड टाकलं नाही माझ्याकडे. सगळ्या जुनंच घेऊन यायच्या, मालन, जरा उसवून दे. मी आत इंच इंच ठेवलं होतं म्हणून उसवता आलं. त्या उसवलेल्यावर तुम्ही जेवलात. आणि तुम्ही त्या चिखलात दोन बोटं घातली असती, तर मला कात्री काढावीच लागली नसती.

कुंडलिक : हे बरोबर बोलल्या.

जयवंत : तू गप. तुझी वेल्डिंग बघ.

कुंडलिक : वेल्डिंगचंच बघतोय. एक काम होऊ शकतं. ही पेटी कडेने कापायची नि चारी बाजूंनी इंचाची पट्टी जोडायची. झाकण लागेल.

मालन : म्हणजे उसवून मोठी करायची.

कुंडलिक : वहिनी, मी पत्र्याचं काम करतो. मी उसवत नाही.

मालन : मग काय करता?

कुंडलिक : उसवतो. बाजूच्या सीटला जागा आहे, पण ड्रायव्हरची सीट इंचभर दरवाज्याकडे सरकणार. मग दरवाजा लागणार नाही. मग दरवाज्याला इंचभर फुगवटा काढायचा. म्हणजे गाडीच एक इंच रुंद झाली. पुस्तकात इंजिनाचा नंबर बदलायचा नि रुंदी पण. आणि हो, नंबर लागेल. तो ह्याच्यावरही चिखलाखालीच आहे.

जयवंत : तू पूस ना.

कुंडलिक : मी शेपूट खाल्लं. माझा आजचा कोटा संपला.

मालन : द्या इकडे घासलेट, मी घालते हात.

जयवंत : थांब. ब्लाउजांना वास लागेल. दे, माझ्याकडे दे. बाही दुमड माझी. आणखी वर. घालू?

कुंडलिक : मुहूर्त बघू का?

जयवंत : शी. थंड आहे. शी शी... काहीतरी मऊ लागलं. कुंडलिका, हे मऊ काय?

कुंडलिक : विचारू नकोस. पूस.

जयवंत : हार आहे. झेंडूचा. शी रे! ... थांब, लागला. आकडे लागताहेत बोटाला. चार... सात... शून्य... नि पुढे दोन. की सात? दोन. मालन, लिही. चार, सात, शून्य, दोन.

मालन : लिहिलं. मापाच्या वहीत लिहिलंय हां. वर छाती, खाली कंबर, मधे हे.

जयवंत : चालेल. आता पान उलट नि अर्ज लिही. गिरणीत बावीस वर्षं सगळ्यांचे अर्ज मीच लिहायचो. रजेचे, बदलीचे, एकदा तर एकाच्या सासूचा. आज माझे हात ह्यात गेले, तू लिही.

कुंडलिक : अर्जाने काय होणार? नोंदणीचा साहेब सोमवारी टेबलावर येणार, वनमालाबाई उद्या.

जयवंत : तू पट्टी काप. अर्ज दिलेला असला की माणूस निदान म्हणू शकतो, अर्ज दिलाय. लिही गो.

मालन : सांगा. हळू सांगा.

जयवंत : मेहेरबान वाहन नोंदणी अधिकारी यांस. अर्जदार जयवंत सहदेव पेडणेकर, धंदा मुलांची ने-आण.

मालन : आण. पुढे?

जयवंत : सदर व्हॅन ही वाढत्या अंगाची असल्याने तिची नोंदलेली रुंदी एक इंचाने वाढवून मिळावी, आणि या अर्जाचा निकाल लागेपर्यंत येता सोमवार तहकूब ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती.