सरासरी जागेवर आहे

सकाळी सात वाजता, जेवणघरात, वजनकाट्यावर — सांगितलं की मामा, आणखी किती वेळा सांगू? तुमची भाची काट्यावर चढली आणि पडली. मी अधीक्षिका आहे इथली, समोरच उभी होते, लपवायचं काय त्यात? बसा ना. असे उभ्या उभ्या बघू नका माझ्याकडे, मी काही ढकललं नाही तिला. दवाखान्यात आहे, सलाईन लावलंय, शुद्धीवर — येईल, का नाही येणार? वजन उपाशीपोटी घ्यायचं हा नियम तपासणी समितीचा, माझा नाही. नर्सबाई मात्र माझ्यावरच तडकल्या — म्हणे, फोनवर बारा वर्षांची सांगितलीत, ही सात-आठ वर्षांची कुणाची उचलून आणलीत? आता उंची काय मी वाढवू? आली तेव्हाच एवढीशी होती. लहानपणी पोटभर मिळालं नाही की हाडं थांबतात तिथेच, एवढं कळतं मला. तुमच्या घरातलं मी काढत नाही, तुम्हीही इथलं काढू नका.

जेवायला देत नाही असं घरी म्हणाली होती का ती? देतो हो! भात सगळ्यांना. पण दूध, अंडी, केळी — येतात तीच निम्म्या मुलींपुरती. का? ते वर जाऊन विचारा. निम्म्यांपुरतं आलेलं ऐंशी जणींत वाटलं तर कुणाच्याच अंगी लागत नाही. आणि समिती बघते काय? एकेक मुलगी बघते? छे! सगळ्यांची वजनं मिळवायची, ऐंशीने भागायचं, सरासरी काढायची. सरासरी घसरली की वसतिगृह बंद. नदीपलीकडचं केलंच ना बंद? कुठे गेल्या त्या मुली, विचारलं कुणी? — मग मी डोकं चालवलं. ज्या लवकर भरतात अशा दहा जणी निवडल्या, खिडकीजवळ वेगळं टेबल टाकलं. दूध त्यांना, अंडी त्यांना, वर देणगीतली बिस्किटं. त्या दहा जणींनी सगळ्यांची सरासरी वर ओढून धरली. वसतिगृह चालू आहे ते त्या टेबलामुळे — हसताय? हसा. तुमची भाची इतके दिवस राहिली कुठे मग?

आणि पक्षपात नाही केला हं मी. तिलाही बसवलं होतं त्या टेबलावर. महिनाभर! ताट चाटूनपुसून खायची, पण काटा काही हलेना. जंत असणार पोटात — औषध मागवलं होतं, आलंच नाही. मग उठवलं. रडली? नाही बाई, रडली नाही. आपलं ताट उचललं नि गेली भाताच्या रांगेत. आता जिच्या अंगी लागतच नाही तिला घालून वाया — नाही, वाया नाही म्हणायचं मला. शब्द पकडू नका मामा.

आणि ज्यांच्या अंगी लागलं त्यांचं तरी काय सुख? एक आहे, मुली तिला सरदार म्हणतात. दोन जिने चढली की धापा टाकते. मान काळी पडली तिची, मागून पट्टाच. मी म्हटलं, घोडी झालीस, धड अंघोळ करता येत नाही? स्वतः बसून दगडाने घासली, सालटं निघाली तरी मळ जाईना. परवा डॉक्टरीणबाई म्हणतात, हा मळ नव्हेच, शरीराला साखर झेपत नाही त्याची खूण आहे. तेराव्या वर्षी! म्हणजे कमी खाल्लं तरी माझा दोष, जास्त खाल्लं तरी माझाच. वा!

तुमच्या भाचीला दवाखान्यात कधी नेलं? लगेच नेलं हो. म्हणजे — वजन झाल्यावर. अहो, आकडा लागतो! ऐंशीतला एक आकडा कमी पडला तर शंभर प्रश्न. समिती काही काट्यापाशी येत नाही, माझ्या ऑफिसात बसते, आकडे आत पाठवायचे असतात. पडलेली मुलगी उभी कशी राहणार? तर स्वयंपाकीणबाई तिला कडेवर घेऊन काट्यावर चढल्या, मग त्यांचं वजन वजा केलं. तान्ह्या पोरांचं करतातच की तसं. त्याच म्हणाल्या खाली उतरल्यावर — बाई, हिचं ओझंच लागत नाही हो हाताला. — असं काय बघताय? पाणी मारलं होतं आम्ही तोंडावर. कोठीत तांदळाच्या पोत्यांवर नीट निजवली, डोक्याखाली चादर दिली. समितीची गाडी फाटकाबाहेर गेली नि दुसऱ्या मिनिटाला रिक्षा बोलावली मी. जाताना साहेब म्हणालेसुद्धा, सरासरी उत्तम आहे, असंच चालू ठेवा.

झालं? आता उठा मामा, मुलींच्या जेवणाची वेळ झाली, पुरुषमाणूस आत चालत नाही. दवाखान्यात जा, तिथे बसा तिच्याजवळ. — काय? डॉक्टर? कुठले डॉक्टर? — समितीत? असतो ना, प्रत्येक समितीत एक असतो. आज सकाळीही होते. कोठीला लागूनच माझं ऑफिस, मध्ये नुसती फळ्यांची भिंत. तिथेच बसले होते, चहा घेत.