माझं भाषण संपेपर्यंत गाडी बंद करू नका

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सोसायटीचे चेअरमन माननीय आबासाहेब, त्यांच्या शेजारी घड्याळाकडं बघत बसलेले प्रमुख पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो तो माझा नातू हर्षल आणि नातसून अश्विनी, नगरहून आलेले आणि अजून हाताला डिझेलचा वास असलेले अजिनाथ मिस्त्री, खाली बसलेल्या लेकी-सुना, मागं भिंतीला टेकून जेवणाच्या पंगतीची वाट बघणारे गावकरी, आणि सभामंडपाच्या दाराबाहेर चालू असलेली आमची गाडी, ह्या सगळ्यांना गोजरबाईचा नमस्कार.

गाडीचं नाव मी मुद्दाम घेतलं. मगाशी सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी दोनदा विनंती केली, की इंजिनाचा आवाज माईकवर येतोय, कोणीतरी गाडी बंद करा. कोणी बंद करायची नाही. पहिल्या भाषणाच्या आधी ती चालू केली, ती शेवटच्या आभारापर्यंत चालली पाहिजे. मागच्या दोन समारंभांत तुमची भाषणं मला पोटभर ऐकू आली. ह्या खेपेला गाडी ऐकू आली आणि भाषणं नाही आली, तरी माझी तक्रार नाही.

व्हय, मागचे दोन समारंभ. पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. हर्षलला आपण निरोप देतोय तो तिसऱ्यांदा. एकाच पोराला, एकाच गाडीतून, एकाच गावानं तीनदा निरोप द्यावा, असं कुठं ऐकलंय का? मेलेल्या माणसालासुद्धा एकदाच पोचवतात.

ही गाडी म्हणजे कुठल्याशा शाळेची जुनी मिनीबस. शाळेनं काढून टाकली. पुण्याच्या एका हौशी माणसानं घेतली, आतली बाकं उपटली आणि त्यात घर बसवलं. दोन पलंग, गॅसची शेगडी, भांडी घासायला मोरी, कपाटं, खिडक्यांना पडदे. मग त्याची हौस फिटली आणि गाडी कितीतरी वर्षं झाडाखाली उभी राहिली. तिथं ती माझ्या नातवाच्या नजरेत भरली. नवराबायको दोघांचं काम कॉम्प्युटरवरचं, ते म्हणे कुठं बसूनही होतं. म्हणून वर्षभर घर घेऊन देश बघत फिरायचं. फिरा. माझं काही म्हणणं नाही. मी एवढंच सांगितलं, की देशाला निघताना वाट आपल्याच जिल्ह्यातल्या अकोल्यावरून काढा आणि भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, माझ्या बहिणीच्या दारात मला उतरवा. पुढं देश कुठं पळून जात नाही.

बायडाबाई माझी थोरली बहीण. तिचे डोळे जात चाललेत. डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू असता तर काढला असता, हे आतून सुकतंय, जे बघायचं ते बघून घ्या. तिनं काय बघायचं ठरवलं? मला. बघण्यासारखं माझ्यात काय उरलंय ते तिलाच ठाऊक. पण थोरलीचा शब्द आहे.

आता कोणी म्हणेल, मग जीपनं जावं, एसटीनं जावं. माझ्या खुब्यात रॉड आहे. पारनेरपर्यंत बसून गेले तरी दुसऱ्या दिवशी उठता येत नाही. मला झोपून जाता येईल अशी ही एकच गाडी. आबासाहेबांनी अँब्युलन्स सुचवली होती, त्यांचे उपकार. पण दारात अँब्युलन्स थांबलेली कळली की बायडाक्का हंबरडा फोडील, आणि मी त्यातून जिवंत उतरले की मला मारील.

तर पहिला निरोप दिवाळी झाल्यावर. फेटे, हलगी, गुलाल, सगळं. ह्याच माईकवर आबासाहेब म्हणाले होते, "ही गाडी आता थांबायची नाही!" टाळ्या पडल्या. गाडी टाकळी ढोकेश्वरच्या अलीकडं थांबली. अजिनाथला बोलावलं. त्यानं फिल्टर उघडून माझ्यापुढं धरला, तर आत तांबडा चिखल. जुन्या टाकीला आतून गंज चढलेला. गाडी उभी होती तोवर तो गुमान बसला होता, हलली तसा सुटून नळीत आला. ट्रॅक्टरला बांधून आम्हाला गावात ओढत आणलं. तेव्हा मात्र हलगी कोणी वाजवली नाही.

तिकडं बायडाक्का फाट्यावर खुर्ची टाकून बसलेली. मी फोन केला.

"गोजरे, तांदळाच्या भाकरी थापल्यात. आता त्या कोनाला घालू?"

"कुत्र्याला घाल."

"कुत्रं येळेवर येतं."

अजिनाथनं तेव्हाच सांगितलं होतं, त्याच्यावर खोटा आळ कशाला घेऊ? म्हणाला, "आज्जी, टाकी बदलायची तर नळ्याबी बदलाव्या लागतील. इंजिनाकडं जायची येक आन उरलेलं डिझेल टाकीत आननारी परतीची येक. रबर कुजलंय, लोखंडी नळी क्लिपाखाली गंजानं खाल्लीय." मग बदल की बाबा! पण नळ्या होत्या कुठं? मोरीच्या मागं, कपाटाच्या खाली, माझ्या पलंगाच्या बुडाशी. वरून पत्रा आणि प्लायवूड ठोकून सगळं बुजवलेलं. ज्यानं घर बसवलं, त्याला खाली गाडी आहे ह्याची आठवणच राहिली नव्हती. नळीला हात घालायचा तर आधी अर्धा संसार उपटून अंगणात मांडायचा.

आणि तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळाली.

आबासाहेब स्वतः घरी आले. "काकू, तारीख लई मुश्किलीनं मिळालीय. टाकी बसली ना नवी? नळ्यांचं मागनं बघू." अजिनाथ बरं म्हणाला. हर्षल बरं म्हणाला. मी न्हाई म्हणाले, पण तोवर फेटे आणायला माणूस पारनेरला गेला होता. आपल्या गावात फेटे आले की कार्यक्रम होणारच, मग नवरदेव येवो न येवो.

नवी टाकी आणि कुजक्या नळ्या घेऊन गाडी दुसऱ्यांदा निघाली. त्या दिवशीचे प्रमुख पाहुणे आजचे नव्हेत. ते ह्या खेपेला आले नाहीत, शहाणे आहेत.

आळेफाटा मागं पडला तेव्हा मला वाटलं, पोचले. पुढं घाटाला गाडी अडखळली, धापली आणि बंद. नळी कुठंतरी चिरलेली, ती डिझेलऐवजी हवा ओढत होती. अजिनाथ फोनवरून सांगणार, हर्षल वाकून इंजिनावरचा बारका हातपंप मारणार, नळीतली हवा काढणार. थोडं चाललं की पुन्हा तेच. आणि परतीची नळी माझ्या पलंगाखाली गळत होती. गोधडीला डिझेल, लुगड्याला डिझेल, डब्यातल्या शेंगदाण्याच्या पोळ्यांना डिझेल. अश्विनी घाबरून म्हणते, "आज्जी, काडी पेटवू नका हं!" अगं, मी काय झोपल्याजागी बिडी ओढते?

परत फिरलो. घरून बायडाक्काला फोन केला. मला वाटलं आता शिव्या घालील. नाही घातल्या. म्हणाली, "पयल्या खेपंला आली असतीस तर तुझं त्वांड दिसलं असतं. आज आली असतीस तर लुगड्याचा रंग. आता सावली दिसंल. तू आपली सावकाश ये. पर ह्याच्यापुढं तुजी गाडी दारात वाजलेली कानानं ऐकल्याबिगर मी तुज्यासाठी चूल पेटवनार न्हाई."

सावकाश ये! जन्मात तिनं कोणाला काही सावकाश करू दिलं नाही. लहानपणी विहिरीवरून घागर आणताना मला मागून ढकलत आणायची. ती बाई मला सावकाश ये म्हणाली.

म्हणून माझा राग आहे. गाडीवर नाही, ते लोखंड आहे, गंजायचंच. राग त्या तारखेवर आहे. काम झालं का, हे कोणी विचारलं नाही. हॉल मिळाला का, पाहुणे मिळाले का, स्टेजवर खुर्च्या किती, हे सगळं विचारलं. तुम्ही मला शाल दिलीत, नारळ दिलात. घरात आता तुमच्या शाली आहेत आणि माझ्या बहिणीला मी दिसत नाही.

गुरुजी, चिठ्ठी पाठवू नका. दुसरीतून शाळा सुटली माझी. वाचायला वेळ लागेल आणि तेवढा वेळ मी आणखी बोलीन.

तर दुसऱ्या निरोपानंतर हर्षलनं कोणाचं ऐकलं नाही. मोरी काढली, कपाटं काढली, पत्रा कापला. पलंग अंगणात आला, त्यावर कोंबड्या झोपायला लागल्या. जुनी नळी अजिनाथनं ओढून काढली ती हातात बिस्किटासारखी मोडली. मी म्हणाले, "हिच्यावर भरवसा ठेवून मला घाटात नेलंत व्हय रे?" तर खाली बघून म्हणतो, "आज्जी, तारीख हुती ना." नव्या नळ्या त्यानं आता बाहेरच्या अंगानं नेल्यात, वाकून बघितलं तर दिसतील अशा. सगळं झालं आणि आबासाहेब पुन्हा तारीख घेऊन आले.

मी म्हणाले, चालेल. पण एक अट. पहिल्या भाषणाआधी गाडी चालू करायची आणि आभार होईपर्यंत ठेवायची. आपल्या भाषणांच्या लांबीला जी गाडी टिकली, तिला घाट काहीच नाही. आबासाहेब हसले. मी हसले नव्हते.

असो. आता निरोपाचे दोन शब्द. हर्षल, बाबा, परक्या मुलखात अश्विनीला...

थांबा. जरा गप्प बसा सगळे.

ऐकलं? पुन्हा. धापली.

गेली. बंद पडली.

हसू नका कोणी. अजिनाथ, पळ. हर्षल, तूही जा, फेटा काढून जा. आबासाहेब, तुम्ही बसा, अध्यक्षांनी गाडीखाली जायचं नसतं. मी अशीच उभी राहते. बसले तर मला उठवायला दोन माणसं लागतात.

नवी टाकी, काठोकाठ भरलेली. नव्या नळ्या, नव्या क्लिपा. फिल्टर कालच बदललाय. मग आता काय राहिलं? सांगा ना. सकाळपासून एवढे लोक बोलले, कोणीतरी सांगा. मी तिला आता काय सांगू? सावलीपण गेली म्हणून सांगू?

काय रे हर्षल? दारातनं ओरडू नकोस, जवळ ये. झाकण? कसलं झाकण? टाकीचं? अजिनाथला येऊ दे. घे, हा माईक धर, सगळ्या गावाला ऐकू दे.

ऐकलंत? मागं ऐकू गेलं नसेल तर मी सांगते. अजिनाथ म्हणतो, टाकीतलं डिझेल जसं इंजिनाकडं जातं, तशी वरून तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारकं भोक असतं. आणि आज त्या झाकणावर कोणीतरी प्लॅस्टिकची पिशवी घालून वरून चिकटपट्टी गुंडाळलीय, चांगली तीन-चार वेढे. हवा आत जायची वाटच बंद. त्यानं पट्टी काढून झाकण फिरवलं तर टाकीनं फुस्सकन केवढा तरी श्वास घेतला. अशीच निघालो असतो तर ह्या खेपेला टाकळीपर्यंत तरी गेलो असतो का कोण जाणे.

कोणी घातली पिशवी?

आबासाहेब? तुम्ही?

काय म्हणता, "काकू, गुलाल उधळनार हुतो. नव्या टाकीत गुलाल जायला नको म्हनून मीच पोरांना सांगितलं." खरं बोललात, सगळ्यांसमोर बोललात, हे मोठेपण आहे तुमचं. मनात तुमच्या वाईट नसतं, आबासाहेब. तोच तर त्रास आहे. वाईट असतं तर मी केव्हाच निपटलं असतं. तुम्ही प्रेमानं गाडीचं तोंड बांधलंत.

हसा आता. आता हसायला हरकत नाही. पण एक ध्यानात घ्या. आजवर ह्या हॉलमध्ये जेवढी भाषणं झाली, त्यात हे पहिलं, ज्याचा लांबल्यामुळं उपयोग झाला.

हं. हातपंपाचा आवाज येतोय. हवा काढतोय. आणखी मार, अजिनाथ. अश्विनी, तू स्टार्टर मार.

नाही. पुन्हा मार.

लागली!

टाळ्या नकोत. मला ऐकू द्या.

आता मी थांबते. हर्षलला उपदेश करायचा राहिला, तो त्याला वाटेत पडल्यापडल्या करीन, त्याला पळून जाता येणार नाही. ह्या समारंभासाठी ज्यांनी मांडव घातला, चहा केला, खुर्च्या उचलल्या त्यांचे मी आभार मानते. अजिनाथनं नळ्या बदलल्या, पहिल्यांदा नाही तरी दुसऱ्यांदा, त्याचेही मानते. आबासाहेबांचे मानते आणि त्यांना विनंती करते, की नारळ रस्त्याच्या कडेला फोडा आणि गुलाल आम्ही गेल्यावर एकमेकांना लावा. पाहुणे अजून बोलायचे राहिलेत, त्यांचं भाषण आम्हाला ऐकता येणार नाही. म्हातारीच्या जिभेला जे काही कमी-जास्त आलं असेल ते इथंच सोडून द्या, घरी नेऊ नका.

बायडाक्काला कोणी फोन करायचा नाही. मी येतेय हे ह्या खेपेला तिला कळवलेलंच नाही. तोंड बघायचं राहिलं, रंग बघायचा राहिला. कान तिचे शाबूत आहेत. हा आवाज असाच तिच्या दारात न्यायचा आहे, तोवर गाडी कुठं बंद करायची नाही.

हर्षल, हात दे. पलंगावरच्या शाली काढ आणि मला आडवी कर. मी ऐकत येते.