रॉकेलची आणेवारी

—आता पुन्ना तेच काय इचारताय, साहेब? दोन पिंपं रेशनच्या दुकानासाठी होडीत चढवली, दोनी धरणात पडली, बुचं निघाली आन् रॉकेल सांडलं. पिंपं ही काय, अंगणात पडल्यात, रिकामी. रॉकेल कुठं गेलं ह्ये म्या कसं सांगू? आँ? सांगावंच लागंल? बरं. तुमी पुरवठ्याचे साहेब, भोरास्नं एवढ्या लांब आलात, तर कोंडिबा नावाडी काय तुमाला रित्या हातानं धाडायचा न्हाई. पिकाची आणेवारी कशी काढता तुमी लोक? बांधावर उभं ऱ्हायचं, भाताकडं एक नजर टाकायची आन् म्हणायचं, आठ आणे पीक. झालं! तशीच रॉकेलची काढू. सोळा आणे सांडलं — हितनं धरा.

आमच्या मानसिंग गुरुजींनी फळीवर आंथरलेला पेपर वाचून दावला हुता — इलायतेकडं कुठं तेलाची ह्ये मोठी बोट खडकावर फुटली, समदं तेल दर्यात — तर तिथली शिकलेली माणसं बसून अंदाज काढत्यात, किती उडालं, किती काठाला लागलं, किती तळाला गेलं. त्यास्नी कुणी म्हणतं का, तुमीच इकलं म्हून? न्हाई म्हणत. मग आपलं बी तसंच — चार आणे उन्हानं उडालं. भादव्यातलं ऊन, टाळकं तापत हुतं निस्तं. चार आणे वाऱ्यानं नेलं. वाऱ्याचं तर इचारूच नका — त्यानंच होडी कलती केली, न्हाईतर वरसाखाली कोयनेचा भूकंप झाला तवा घराघरात भांडी पडली, पर कोंडिबाची होडी हलली न्हाई. चार आणे काठाच्या चिखलानं पिलं, चार आणे तळाला, आन् दोन आणे मासळीनं — अठरा झाले? व्हय का? मग मासळीचे दोन आणे सरकारला माफ. काय? रॉकेल तळाला जात न्हाई? तरंगतं? आता तुमी शिकलेले, तुमी तरंगतं म्हणता तर तरंगतं. मग ते चार आणे उचला आन् वाऱ्यात घाला. वारं लईच हुतं.

वास? न्हाई बा, मला न्हाई येत. हां, त्यो — त्यो होडीचा, डांबर लावलंय. अगं ए, साहेबास्नी च्या टाक! — आमची मालकीण. भ्याली हाय बिचारी. का म्हंजे? आल्या आल्या तुमी म्हणालात न्हवं, होडीचा मक्ता काढून घीन, तवापास्नं तिला काई सुधरंना. मला बी सुधरत न्हाई, खोटं कशाला बोलू. आमची वावरं ह्याच पाण्याखाली हायती, साहेब. बा म्हणायचा, पोरा, आपल्याच बांधावरनं वल्हं मारतुयास, जरा हळू मार. ही होडी गेली तर म्या करायचं काय? आन् तिकडं गाव मानगुटीवर बसलंय — कोंडिबा, सांडलं तर सांडलं, साहेबास्नी सांगून दुसरा कोटा आण, दिवाळी अंधारात जायची. तुमीच बगा की हिंडून! कुठल्या बी घरात शिरा. थेंबभर रॉकेल गावलं तर कोंडिबा नाव लावणार न्हाई. बसा, निवांत बसा, च्या येतोय. सिगरेट? वढा की, त्यात काय इचारायचं, आपलंच घर हाय—

अवो! काडी इझवा! इझवा आदी! उठा त्या गोधडीवरनं, भडका हुईल!

...तसं न्हाई. ढेकूण झालं हुतं तीत. लई ढेकूण. म्हून जरा शिंपडलं. काय शिंपडलं म्हंजे... रॉकेल. कुठलं म्हंजे... जुनं हुतं, आपलं, मागलं.

काय म्हणालात? काळाबाजार? नसरापुरात नेऊन इकलं म्या? ह्ये बोलणं मागं घ्या, साहेब. लबाड म्हणा, चालंल, हाईच म्या लबाड — पर गावाच्या दिव्यातलं तेल इकणारा म्हणू नका! पिंपं पडली ती खरीच पडली. म्या वराडलो. घट बसायच्या आदल्या दिशी, अख्ख्या गावच्या बाया काठाला गोधड्या धूत बसल्या हुत्या. शेजारच्या साळूबाईनं बगितलं, पाण्यावर तवंग आलाय, ताकावर लोणी यावं तसा. तिनं गोधडीचं एक टोक धरलं, दुसरं आमच्या मालकिणीला दिलं, आन् पाण्याच्या वरनं, अशी वरनं वरनं, वढत आणली — आन् घागरीत पिळली! मग काय, जिच्या तिच्या हातात गोधडी. पाणी खाली बसलं, वरचं गाळून घेतलं. हाताची सालं निघाली बायांच्या, भाकरीला वास, पोरास्नी वास, पर कुणी घरला गेली न्हाई. बारा आणे, साहेब! सोळातलं बारा आणे गोधड्यांनी टिपलं, घराघरात माळ्यावर हाय. ही खरी आणेवारी. इलायतेवाल्यास्नी जमलं का एवढं, इचारा त्या पेपरवाल्याला!

...

ह्ये वहीत काय लिवताय? वाचा की.

कोटा न्हाई, ते समजलं. आन् मक्ता बी काढला? काढलाच? बरं. अगं, च्या ऱ्हाऊ दे.

ही घ्या वल्ही. घ्या, धरा की. दिस बुडायच्या आत पलीकडं जायचंय न्हवं तुमाला? होडी ही एकच हाय — आजाऱ्याला न्यायला हीच, नवरी आणायला हीच, साहेबास्नी सोडायला बी हीच. मक्ता आता सरकारचा, मग सरकारनंच वल्हं मारावं. न्हाई येत?

मग बसा हितंच गुमान.