गिरणीच्या ओट्यावरच्या गोळ्या

माझा जन्म जूचंद्रचा आनि सासर पन जूचंद्रातलाच, या आळीतून त्या आळीत, वरात निघाली तवा ढोलवाल्यांचे हात पन गरम झाले नसतील तवर सासरचा दार आला. आमच्याकडे सगळी मिठागरात कामाला. बाप, भाऊ, सासरा, आमचे हे पन. काय सांगू तुमाला ताई, हे असे उंच होते की मिठाची पाटी घेऊन बांधावरून चालले की लांबून मी ओळखायची. आनि त्याच मानसाला खोकला लागला तो लागलाच.

तवा औषध नव्हता असा नाय. औषध होता, फुकट होता, पन लांब होता. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात जायचा, सकाळी निघायचा नि दिवे लागल्यावर घरी यायचा, त्या दिवसाचा काम बुडला. मंग थोडा बरा वाटला, अंगावर मांस आला, भूक लागायला लागली, तर हे बोलले आता बस झाला, मी बरा हाय. मला पन वाटला बरे हायत. कोन सांगनार होता आमाला, की बरा वाटला तरी सोडायचा नसतो? दुसऱ्यांदा उठला तो खोकला त्यांना घेऊनच गेला. मला अजून राग येतो. देवाचा नाय येत, त्या लांबच्या वाटेचा येतो.

मंग भावाने मला पडवीत गिरन टाकून दिली. आमच्यात तांदळाची भाकरी रोज लागते, म्हनून दळन पन कायम. बाईमानूस गिरन चालवते म्हनून आधी हसले, मंग पीठ बारीक येतो म्हनून गप झाले.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. सरकारी दवाखान्यातली सिस्टरबाय आली, बोलली टीबीची नवी योजना हाय, औषध गावातच द्यायचा, गावातल्या मानसाच्या हातून, एक दिवसाआड, आनि गोळ्या नुसत्या हातावर नाय ठेवायच्या, समोर गिळलेल्या बघायच्या, तुमी द्याल काय. मी गिरन बंद केली नि तिला परत सांगायला लावला. गावात? बोलली, हो, गावात. मी बोलले, आमचे हे गेले नि तुमी आता आलात? मंग वाटला, तिचा काय दोष त्यात, पोरगीच होती ती, घामाने भिजलेली. मी तिला पानी दिला नि बोलले, द्या इकडे. ज्याचा त्याचा खोका होता, वर नाव, पुरा औषध आधीच आत, म्हनजे मधीच संपला असा नाय. आमच्या ह्यांच्या नावाचा असा खोका असता तर, असा मनात आला, नि मी सगळ्यात वरच्या फळीवर, पिठापासून लांब, जागा केली.

त्यात आमच्या आळीतल्या भिमाआत्याची सून आली, रंजू, तिला टीबी निघाला होता. कळंबची पोर, कोळ्यांची, पहिली मुलगी तान्ही. तिच्या नवऱ्याला ठाऊक होता, तो सातिवलीला कारखान्याच्या गाळ्यात कामाला, त्यानेच तिला सांगितला की आईला बोलू नको, आई घर डोक्यावर घेईल. रंजू पन तेच धरून बसली. मी बोलले, घरात सांग, पोरीला तपासून आन, तर रडायला लागली, वयनी, सासू मला माहेरी धाडेल नि पोरीला ठेवून घेईल. मी बोलले बरा, आता गोळ्या तर घे, बाकीचा बघू. दवाखान्यात बाई शिरली की गाव बघतो, गिरनीत शिरली तर कोन बघतो? म्हनून ती एवढासा तांदूळ डब्यात घेऊन यायची, मी तिला बाहेर वाऱ्याला ओट्यावर बसवायची, आत दळन चालू, बाहेर ती गोळ्या गिळते.

पन भिमाआत्या म्हनजे काय साधी बाई नाय. तिला वाटला एवढासा दळन घेऊन सून सारखी गिरनीत जाते ती माझ्या चुगल्या करायलाच जाते. एक दिवस पदर खोचून आली. रंजूच्या तोंडात गोळी, हातात तांब्या, ना गिळता येते ना थुंकता येते. आत्याने खोका बघितला. हे काय, बोलली. मी खोटा नाय बोलले, मला नाय जमला. रंजू तिच्या पाया पडली, आई, माझी पोरगी नका घेऊ, मी बरी होते, मला धाडू नका.

आत्या ओट्यावर बसली, पदर तोंडाला लावला, आनि खोकली. ताई, तो खोकला मला ठाऊक होता, तो मी माझ्या घरात ऐकला होता. मी विचारला, आत्या, कदीपासून? बोलली, शिमग्यापासून. मी विहिरीमागं जाऊन खोकते. हिला कळला तर ही नातीला माझ्या मांडीवर देनार नाय, म्हनून.

मला हसू पन आला नि रडू पन आला. एका घरात दोघी, एकीमेकीपासून तोंड लपवून खोकत होत्या, त्या एका पोरीसाठी! मी त्याच दिवशी गिरनीला कुलूप लावला नि तिघींना घेऊन दवाखान्यात गेले. पोरीला काय नव्हता, तरी तिला पन गोळी सुरू केली, आपली काळजी म्हनून. आत्याला टीबी निघाला. मंग फळीवर दोन खोके, शेजारीशेजारी.

खरा त्रास पुढंच झाला. दोन महिन्यांनी आत्याला बरा वाटायला लागला, तशी बोलली, मी ठनठनीत हाय, नको आता ती गोळी, तोंड कडू होतो. आमचे हे पन असाच बोलले होते. मी ओरडले, समजावला, हात जोडले, ऐकेल तर शपथ. तर रंजूने काय केला, पोरीला आत्याच्या मांडीवर ठेवली, आपली गोळी आधी गिळली, तोंड उघडून दाखवला, नि बोलली, आई, आता तुमचा. नाय तर मी पन उद्यापासून येनार नाय. आत्याने शिव्या घातल्या नि गिळली. तवापासून शेवटच्या गोळीपर्यंत माझी गरजच नाय लागली, त्याच एकमेकींची तोंडं उघडून बघायच्या, मी आपली पानी द्यायची. दोघी बऱ्या झाल्या.

आता पोरगी शाळेत जाते. माझे गुडघे गेले, गिरन भाच्याने घेतली, खोके अजून मीच सांभाळते. नि त्या दोघी रोज भांडतात ताई, तुमी आलात तवा ऐकला ना, कोलीम, तो बारीक जवळा, जास्त तिखट झाला त्यावरून. शेजारीपाजारी कंटाळले, मला बोलतात, वयनी, जाऊन गप करा त्यांना. मी कशाला जाऊ? मी इथं ओट्यावर बसून ऐकते. एवढा वेळ भांडायला छातीत केवढा दम लागतो. देवा, त्यांचा तो तसाच राहू दे.