डोळ्यांचा नारळ

न्हाई, पन मला एक सांगा, चित्राच्या वर्गाला मास्तर म्हनून बोलवायचं, आन् पहिल्याच दिवशी त्या मास्तरला सांगायचं, की काका, चित्र शिकवू नका... ही काय रीत झाली? साल सत्त्यानव, वैशाखाचं ऊन, काष्टीच्या समाजमंदिराचा पत्रा तव्यासारखा तापलेला, खाली पोरांचा बाजार, आन् मी, नावानं श्रीमंत, धंद्यानं पेंटर, लग्नघरांच्या भिती रंगवन्यात जल्म गेलेला मानूस, हातात खडू धरून उभा! वर्ग नगरच्या एका संस्थेचा. तिथली बाई म्हंजी यशोधराताई. पोरगी गुनी, बोलनं असं मऊ... "काका, मुलांना हत्ती कसा काढायचा ते सांगायचं नाही. त्यांना मनातलं काढू द्यायचं." मी म्हनलो, बाई, मनात हत्तीच असला तर? तर म्हनली, "मग तो त्यांचा हत्ती." सोंड शेपटाच्या जागी असली तरी? "असू दे ना, काका!" आता ह्यात चित्र कुठं आलं, तुमीच सांगा!

आन् वर्गाच्या आधी गोल बसायचं. सगळ्यांनी. मी बी. ह्या वयात मांडी घालून! एकेकानं सांगायचं, आज मनात काय हाय. पोरं सांगत्यात, मला भीती वाटती, मला राग आला, आमची शेळी व्याली म्हनून मी आज पिवळा हाय... पिवळा! मी म्हनलो, कावीळ झाली का रं? ताई म्हनली, "पिवळा म्हणजे त्याचा आनंद, काका. तुम्हाला कसं वाटतंय?" मी म्हनलो, उकडतंय. "तसं नाही हो, आत... आत कसं वाटतंय?" आत बी उकडतंय! पोरं फिदीफिदी हसली, ताईनं मात्र डॉक्टरवानी मान हालवली.

तिथवर बी ठीक हुतं. पन एक दिवस त्या गोलात छगनची नात बोलली. छगन म्हंजी माझा दोस्त. म्हंजी हुता. नात सृष्टी, दुसरीतली, येवढीशी पोर, म्हनती, "मला वाईट वाटतं. आमच्या दारातल्या दोघांना दिसत न्हाई." ताई दचकली, "कोण गं दोघं? आजी-आजोबा?" तर सगळी पोरं एका दमात वरडली, "भालदार-चोपदार! श्रीमंतआबांनी त्यांचं डोळंच काढलं न्हाईत!"

आता तुमाला सांगतो, नीट समजून घ्या. लग्नघराच्या दाराच्या दोन्ही अंगाला आमी भालदार-चोपदार काढतो. पगडी, मिशी, हातात काठी, पुरुषभर उंच. डोळे सगळ्यात शेवटी. आन् त्या आधी घरधन्यानं पेंटरच्या हातात नारळ द्यायचा, पेंटरनं तो पायरीवर फोडायचा, मग डोळे. आमच्या घरात बापापासनं असंच. मजुरी येगळी, ती छगननं चोख दिली, त्याबद्दल माझी तक्रार न्हाई. पन पोराच्या लग्नात, भर मांडवात, सगळ्यांच्या देखत त्यानं नारळ दिला कुनाला? लाउडस्पीकरवाल्याला! मी बुरूस धुतला, शिडी खांद्यावर टाकली, घरी आलो. नऊ वर्सं झाली. तो नारळ देईना, मी डोळे काढीना. दुसऱ्या पेंटरला तो हात लावू देईना, चुना बी मारीना! का, तर म्हनं, "श्रीमंत्याची करनी गावाला दिसू दे!" एका ताटात जेवलेली मानसं आमी... बोलनं बंद.

हे ऐकून ताईच्या डोळ्यांत पानी. "काका, तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?" कसं वाटायचं? शिडी जड वाटली! "म्हणजे एकटं वाटलं?" अगं बाई, मी शिडीचं बोलतोय! ह्यात चित्र कुठं आलं, तुमीच सांगा!

पन ती कसली ऐकती! दुसऱ्या दिवशी वर्ग थेट छगनच्या अंगनात. पोरांना म्हनली, "ह्या दोघांना आज काय वाटत असेल? तसे डोळे काढा." कागदावर, असं तिच्या मनात. पन पोरं ती पोरं! दारातली बाज भितीला उभी केली, रंग कालवला, आन् लागली चढायला... एक म्हनतो, भालदार रडतोय, मी आसवं काढनार. दुसरा म्हनतो, चोपदाराला राग आलाय, लाल डोळे! तिसऱ्याला तर चष्मा घालायचा हुता. माझ्या चोपदाराला चष्मा! मी असा वरडलो, "भितीला हात लावशील तर!" आन् त्याच टायमाला घरातनं बी कोनीतरी वरडलं, "भितीला हात लावशील तर!" छगन! आमी दोघं समोरासमोर.

झालं, ताईला आयतंच सापडलं. दोघांना गोलात बसवलं. "आजोबा, 'मला वाटतं' असं म्हणून सुरुवात करा." छगन म्हनला, "मला वाटतं ह्यो हट्टी हाय." "असं नाही, स्वतःबद्दल सांगा." "मला वाटतं मी हट्टी न्हाई." "आजोबा, छातीत काय दाटून आलंय?" "दमा." मी हसलो न्हाई बरं का! मिशी हालली असंल. ताई मऊ बोलून बोलून दमली, आन् मग छगन आपला आपनच, खाली बघत म्हनला, "ही पोर रांगत हुती तवापासनं उंबऱ्यापाशी आली की रडायची. बिनडोळ्याची मानसं बघून. तिची आजी तोंडावर पदर टाकून आत न्यायची. दोनदा चुना कालवला मी. पन हात व्हईना. मिशी लई झ्याक काढलीया श्रीमंत्यानं."

आता ह्याच्यावर मानसानं काय करायचं? रागवायचं? रडायचं? का पिवळं व्हायचं? मला तर काय बी कळंना. ह्यात चित्र कुठं आलं...

तेवढ्यात छगननं हाक मारली, "मुक्ते, नारळ आन गं!" त्याची बायको मुक्ताबाई दाराआडच उभी, पदराखाली नारळ धरून! छगननं तो माझ्या हातात ठेवला. दोन्ही हातांनी. सगळ्यांच्या देखत. मी पायरीवर फोडला.

नासका! आतनं काळं पानी. छगनचं तोंड उतरलं, मुक्ताबाईनं कपाळाला हात लावला, आन् ताई... ताईला सुदिक इचारता येईना, कसं वाटतंय म्हनून. सगळी माझ्याकडं बघत्यात.

मी म्हनलो, "नऊ वर्सांचा नारळ, नासनारच. बाज धर."

त्यानं धरली. मी चारी डोळे काढले. फिटलं.