देवाची फुलं आणि ईश्वरीची बोटं

साहेब, तुम्ही जिथं कुठं बसला असाल तिथं ऐका. शाळेत घेण्याआधी तीन वर्षांच्या लेकराची मुलाखत घ्यायचा नियम तुम्ही काढलात. त्यापायी किती आया रडल्या, त्याची तुम्हाला खबरही नाही. आणि मंडळी, तुम्ही माना डोलवू नका – तुम्हालाही विचारतोय. लेकराचे हात मागे राहिले, तर पाप कुणाचं?

ऐका.

मोहिनी गुरव. देवळाचे हार गुंफायची. पाटीभर झेंडू पुढ्यात ओतला की बोटं अशी चालत, सुई दिसायचीच नाही, नुसता हार लांबत जायचा. तिची लेक ईश्वरी, नुकतीच तीन वर्षांची झालेली. शाळेत नेली. बाईंनी पेन्सिल पुढं केली. पोरीनं मूठ आवळली – पेन्सिल घरंगळली. पुन्हा दिली, पुन्हा घरंगळली. बाई म्हणाल्या, "बोटांना वळण नाही. पुढच्या वर्षी या."

हार गुंफणाऱ्या घरात बोटांना वळण नाही! हसताय? मोहिनी नव्हती हसली. घरी येऊन पोरीचं एकेक बोट दाबून बघत बसली, कुठं काही अधू तर नाही.

तेवढ्यात अंगणवाडीच्या लताताई हार न्यायला आल्या. "दिवसभर काय करते गं ही?"

"काही नाही ताई. बसवली तिथं बसते. शहाणी आहे."

"जेवते कशी?"

"मीच भरवते. सांडते फार."

"आणि ही फुलं? हात लावत नाही?"

"देवाची फुलं, ताई. उष्ट्या हाताची चालतात होय? हात पुढं आला की चापट देते."

लताताई म्हणाल्या, "तुझी बोटं कुठं शिकली?"

मोहिनीनं पाटीकडं बघितलं. आईच्या पुढ्यात शिकली होती, अशाच पाटीत.

त्या दिवशी तिनं सुकलेली फुलं लेकीपुढं ओतली, पाकळ्या उपटायला. मग कणकेचा गोळा. मग मटार – निम्म्या शेंगा तुडवल्या, एक दाणा नाकाशी नेला. मोहिनी समोरून हलली नाही. मग दोरीवर कपड्यांचे चिमटे. चिमटा उघडेना, तर पोरगी दात लावायची. चमत्कार झाला नाही, मंडळी. कीर्तनात तुम्हाला चमत्कार हवा असतो, तो इथं नाही. दोन महिन्यांनी तिनं फ्रॉकचं एक बटण लावलं. तेही चुकीच्या काजात.

मग एका सकाळी, आईनं धरलेल्या बोथट दाभणानं, तिनं पाच झेंडू ओवले. भानुदास, पोरीचा बाप, देवळाचा पुजारी. हार न्यायला आला, माळ बघितली. "हिनं तोंडात घातली असतील फुलं. देवाला नको."

मोहिनीनं सुई खाली ठेवली. "मग आज माझेही हार नाहीत."

"अगं, आरती तोंडावर आलीय."

"असू दे. लहानपणी मीही फुलं खाल्लीत. मी ओवलेलं इतकी वर्षं कसं चाललं?"

भानुदास उभाच. देवळात लोक खोळंबले. शेवटी त्यानं ती माळ उचलली. देवाच्या गळ्याला पुरेना, म्हणून मनगटात अडकवली. मोहिनीनं दारातून ते बघितलं, तेव्हा सुईत दोरा ओवला.

शाळेचं विचाराल, तर तिथं अजून पेन्सिलच पुढं करतात. त्यांना त्यांच्या जागी जाऊन विचारू. आज तुम्ही सांगा. काल तुमचं लेकरू पोळपाटाशी आलं, कणकेत बोट घातलं, तेव्हा हातात मोबाइल देऊन त्याला बाजूला कुणी बसवलं? खाली बघू नका. मी थांबलोय. बोला, कुणी?