दोन माणसांची मोटार

(१९३६ सालचं जबलपूर. लाल रंगाची, टप उघडलेली, दोनच माणसं मावणारी मोटार ग्वारीघाटच्या रस्त्याला लागली आहे. चाकावर भय्यासाहेब वकील, शेजारी त्यांची पत्नी विनता.)

विनता : उद्यापासून नाही म्हणजे? दुरुस्तीला टाकणार आहात?

भय्यासाहेब : उद्यापासून ही आपली नाही. तुला चकित करायचं होतं, म्हणून बोललो नाही. कटनीच्या चुनेवाल्या ठेकेदारांची चार दारांची बंद मोटार येतेय. अदलाबदल. त्यांच्या मुलाला पळणारी हवी, आपल्याला सुखाची.

विनता : कोणाच्या सुखाची?

भय्यासाहेब : तुझ्या! काचा वर केल्या की धुळीचा कण आत येत नाही. गादी अशी, की बसल्यावर उठावंसं वाटत नाही. खिडक्यांना रेशमी पडदे!

विनता : मी मागितली होती?

भय्यासाहेब : परवा आईला काय सांगत होतीस? मी ओसरीवर होतो, सगळं ऐकलं. 'वाऱ्यानं डोकं भणभणतं, डोळ्यांत माती जाते, अंबाडा सुटतो, घरी आलं की कंबर धरून बसावं लागतं.'

विनता : ते मी आईंना सांगत होते. तुम्हाला कुठे सांगितलं?

भय्यासाहेब : म्हणजे खोटं?

विनता : अहो, तीन वर्षं रोज सांगतेय, म्हणून तर ही जागा माझ्यासाठी राहिली! मजा येते म्हटलं असतं, तर आज इथे आत्याबाई असत्या आणि मी घरी तांदूळ निवडत.

भय्यासाहेब : आपल्या दोघांत वकील कोण?

विनता : आधी थांबवा. ते पाहा, भाऊमामा हात करताहेत.

भाऊराव : काय भैया, शेवटली फेरी मारून राहिले काय? चार दरवाज्यांची येऊन राहिली म्हणे!

विनता : मामांनासुद्धा ठाऊक?

भाऊराव : अवो सूनबाई, तुझ्या सासूनं, आमच्या अक्कानंच सांगितलं. घरचं सारं ठरूनही गेलं. सामोर भैयाच्या बाजूनं अक्का. मागं आत्याबाई, मी, शरयू, अन् मधात तू. सोमवारी सराफा, बुधवारी आत्याबाईची दाढ काढाले, इतवारले भेडाघाट. मी म्हटलं, चलो, टांगेवाल्याची कटकट मिटली!

भय्यासाहेब : मामा, आत्ताही सोडलं असतं तुम्हाला, पण जागा...

भाऊराव : ह्या डबड्यात कायले बसू? धोतर उडते मानसाचं! उद्या बसतो ना, आरामात. अच्छा, जा तुम्ही.

विनता : मधात मी!

भय्यासाहेब : गादी मऊ आहे गं.

विनता : मऊ गादीवर बसून काय करू? तुमच्या मानेकडे बघू? घरात तुम्ही माझ्याशी काय बोलता? 'शरयू, वहिनीला सांग, पाणी हवंय.' आणि वहिनी तांब्या घेऊन समोर उभी!

भय्यासाहेब : आईसमोर कसं बोलणार?

विनता : नाहीच बोलणार. दोष नाही देत. पण लग्न झाल्यावर दोन वर्षं मी तुम्हाला कारल्याची भाजी वाढत होते. तुम्हाला ती आवडत नाही, हे मला ह्या रस्त्यावर कळलं. खटला हरलात की गाणं म्हणता, तेही इथेच कळलं.

भय्यासाहेब : गाणं कसलं, जरा गुणगुणतो.

विनता : त्या गुणगुणण्यानं परवा बैल बुजले.

भय्यासाहेब : मला वाटलं, तू सोसतेयस. मला तर ही मोटार सोडवत नव्हती, विनता. पण शब्द देऊन बसलोय. सकाळी त्यांचा मुलगा न्यायला येईल.

विनता : मग वळवा. घाट नको आज.

भय्यासाहेब : एक विचारू? मोटार चालवायला शिकशील?

विनता : मी?

भय्यासाहेब : नवी चालवायला सोपी आहे. आणि शिकणाऱ्याच्या शेजारी शिकवणारा बसावा लागतो.

विनता : आणि मागे?

भय्यासाहेब : तू चाकावर असताना आई बसेल?

विनता : आई देवाचं नाव घेत माजघरात जातील. आत्याबाई तर अंगणातही उभ्या राहायच्या नाहीत.

भय्यासाहेब : आणि मामांना जीव प्यारा आहे.

विनता : पण आई मला शिकू देतील?

भय्यासाहेब : आईला म्हणेन, मी आजारी पडलो तर डॉक्टरांकडे कोण नेणार? माझ्या तब्येतीचं नाव काढलं की ती कशालाच नाही म्हणत नाही. रोज संध्याकाळी तास, कोर्टातून आलो की.

विनता : अहो, शिकायला किती दिवस लागतात?

भय्यासाहेब : हुशार माणसाला पंधरा दिवस पुष्कळ झाले.

विनता : मग आईंना आजच सांगून ठेवा, सून जरा मंद आहे म्हणून.